कोटासकट नेम

मला ढिला स्क्रू सहन होत नाही. हॉटेलात टेबल डुगडुगलं की मी जेवण सोडून खाली वाकतो, आणि माझी बायको कांता आजूबाजूच्या लोकांकडे बघून हसून घेते. इथे आखातात, सलमाबादला आमच्या कंपनीचं वर्कशॉप आहे. तिथे कॉम्प्रेसर आणि जनरेटर दुरुस्तीला येतात आणि त्यांना पुन्हा उभं करणं हे माझं काम. जी वस्तू दिवसभर थरथरते तिचा स्क्रू आज ना उद्या सुटणार, हे इतकी वर्षं बघत आलोय की कुणी ‘टाइट आहे’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. स्वतः कसलेल्या स्क्रूवरही मी पांढऱ्या पेंटची बारीक रेघ मारतो, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी खालच्या लोखंडावर. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरला.

या खोडीपायीच अम्मारची बंदूक माझ्या टेबलावर आली.

अम्मार आमच्या मालकाचा पुतण्या. कंपनीचं सगळं तोच बघतो. माझ्यापेक्षा बराच लहान, राहायला बुदैयाला, हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलतो, आणि त्याला ‘सर’ म्हटलेलं खपत नाही. लहानपणी आजोबांच्या होडीवर मासे धरताना कुणाचा तरी गळ उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात घुसला. तिथे आता काचेचा डोळा आहे. सगळा संसार उजव्यावर. मीटिंगला तो डावी बाजू भिंतीकडे करून बसतो, आणि उजव्यात कचरा गेला तरी चारचौघांत डोळा मिटून चोळत नाही, उठून बाहेर जातो. हे कंपनीत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

तर हा माणूस दर थंडीत तुर्कस्तानात शिकारीला जायचा. तिकडे डोंगरातली रानडुकरं शेतं उकरून टाकतात, म्हणून गावकरीच शिकाऱ्यांना बोलावतात. याची बंदूक बारा बोअरची, आणि काडतुसात छर्‍यांऐवजी एकच जाड शिशाचा गोळा. उडवली की अशी लाथ मारते की खांदा आठवडाभर काळानिळा. तिच्यावर याने नेम धरायला दुर्बीण बसवलेली. गेल्या वर्षी लाथा खाऊन खाऊन त्या दुर्बिणीचं माउंट, म्हणजे तिला बंदुकीवर धरून ठेवणारी बैठक, सैल झालं होतं आणि याला कळलं नाही. गोळी डुकराच्या मागच्या पायाला लागली. जनावर तसंच झाडीत घुसलं. अंधार पडेपर्यंत सगळ्यांनी शोधलं, पण ते सापडलं नाही. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

“मेलं असतं तर मला काही वाटलं नसतं,” तो म्हणाला. “ते तसंच गेलं.”

त्याला असं माउंट हवं होतं जे काही केल्या हलणार नाही. बंदुकीचा मिस्त्री कुणी ओळखीचा नव्हता, आणि असता तरी अम्मारचा म्हणे माझ्या पेंटच्या रेघेवर जास्त भरवसा होता. माणसाला फुलवायचं कसं हे त्याला बरोबर कळतं.

मी घरी सांगितलं तेव्हा कांता पोळ्या लाटत होती. आम्ही अकोल्याकडचे. रिफातल्या आमच्या फ्लॅटवर महिन्यातून एकदा आपली दहा-बारा माणसं जमतात, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोला फुलं वाहतात, त्रिशरण-पंचशील होतं, मग पोहे होतात. पंचशील म्हणायला, त्यातही जीव न घेण्याचं पहिलं शील म्हणायला, आवाज माझाच मोठा असतो.

“इतवारी पाणातिपाता म्हनता,” ती लाटणं न थांबवता म्हणाली, “अन् सोमवारी बंदुकीचे स्क्रू कसता. हे कोनतं शील होय?”

मी तिला पटवायला गेलो. म्हटलं, तो जाणार तर आहेच, मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी कसंतरी बसवून देईल, आणि पुन्हा एखादं जनावर लंगडत मरेल. त्यापेक्षा जागच्या जागी मेलेलं बरं. बोलताना मला स्वतःलाच ते वकिली वाटलं. कांताने पोळी उलटली आणि म्हणाली, तुमी आधीच ठरवून आले, आता मले काऊन इचारता. मी तिच्याशी उगाच मिठावरून भांडलो.

अम्मारने तीन माउंट जमवली होती. परवाना त्याच्या नावावर, म्हणून बंदूक वर्कशॉपात असेपर्यंत तो स्टुलावरून हलायचा नाही. काडतुसं अर्थातच घरी कुलपात. पहिलं माउंट अबुधाबीच्या प्रदर्शनातून आणलेलं, अल्युमिनियमचं, चकचकीत, एका बोटाने खटका ओढला की दुर्बीण हातात. त्याला तेच आवडलं होतं. दुसरं उंच, ऐटबाज, उंटावर बसल्यासारखं. तिसरं पोलादाचं, बुटकं, काळं, वजनाला मेलं जड. एक लांब पट्टी, तिच्यावर आडव्या खाचा, आणि दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांच्या पोटाला एकेक जाड दात, जो त्या खाचेत बसतो.

मला बघताक्षणी तिसरं पटलं होतं, पण बघताक्षणी पटलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नसतो. मी शिशाने भरलेला पाइप दुर्बिणीच्या वजनाचा केला आणि एकेका माउंटमध्ये धरला. ते माउंट लोखंडाच्या जाड पट्टीवर कसून पट्टी साखळीने टांगली, मागे ओढली, आणि खांबावर सोडून दिली. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. सगळं वर्कशॉप कामधंदा सोडून बघायला लागलं, तेव्हा मी सगळ्यांवर ओरडलो. दुपारपर्यंत चकचकीत माउंटच्या खटक्याला खुळखुळ लागली. उंटावरचं स्क्रूंना उपटू लागलं, कारण उंचावर बसलेलं वजन धक्क्यासरशी पुढे झुकतं आणि सगळा ताण बिचाऱ्या स्क्रूंवर येतो. बुटक्याची पांढरी रेघ होती तिथे होती.

मी अम्मारला समजावलं. बंदूक मागे येते तेव्हा दुर्बीण जागेवर राहू बघते, म्हणजे माउंटच्या दृष्टीने ती पुढे पळते. तिला स्क्रूने अडवायला गेलास तर स्क्रू कधीतरी हार मानणार. धक्का दाताने खायचा, स्क्रूने फक्त धरून ठेवायचं. म्हणून कसण्याआधी कडी पुढे ढकलून दात खाचेच्या भिंतीला टेकवून घ्यायचा, मधे जागाच ठेवायची नाही, म्हणजे पळायला वावच नाही. तो लहान मुलासारखा ऐकत होता. मग म्हणाला, खलास, ठरलं, काळंच बसव.

मी ते बसवलं. टॉर्क रेंचने मापात कसलं. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला. स्क्रू जखडायचा गोंद येतो, निळा आणि लाल. निळा लावलेला स्क्रू हाताने सुटतो. लाल लावला की चांगला तापवल्याशिवाय सुटत नाही. तिकडे डोंगरात कुणी शहाणा हात लावेल, ‘जरा बघतो’ म्हणेल, या भीतीने मी सगळ्या स्क्रूंना लाल लावला. वर पांढऱ्या रेघा मारल्या. मला फार बरं वाटलं.

त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. दुर्बीण डोळ्यापासून किती लांब हवी हे ठरवायची रीत मी वाचली होती. माणसाने डोळे मिटायचे, बंदूक सहज खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळा उघडायचा. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर जागा बरोबर. कडेने काळं दिसलं तर दुर्बीण सरकवायची. उघड्या डोळ्याने माणूस नकळत मान पुढेमागे करून सोय करून घेतो आणि चूक लपते. गोंद लावायच्या आधी मी अम्मारला म्हटलं, डोळा मीट.

तो हसला. “ते नको,” म्हणाला. “असंच बघ, दिसतंय मला.”

मी आग्रह केला नाही. बाजूला तीन माणसं पाना घेऊन उभी होती. मला वाटलं, जाऊ दे, कशाला कुणाच्या दुखऱ्या जागी बोट घालायचं. एरवी मी टेबलाच्या पायासाठी वेटरशी भांडतो, आणि इथे गप्प बसलो.

शनिवारी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर गेलो. ऊन छान होतं, अम्मार टी-शर्टवर. गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या आणि रेघा जागच्या जागी. त्याने मला मिठी मारली. दोन दिवसांनी तो विमानात बसला.

आणि माझं बिनसलं. का ते कळेना. जेवताना डोक्यात बंदूक, गाडी चालवताना बंदूक. एकेक स्क्रू मनात कसून बघायचो, सगळं बरोबर असायचं, तरी आत काहीतरी खुळखुळत होतं. टेबल डुगडुगतंय आणि पाय कोणता ते सापडत नाही, असं. ऑफिसात एकाला उगाच झापलं. कांता म्हणाली, डुकराचं पाप डोक्यात बसलं असन. मी म्हटलं, तसं असेल. पण ते नव्हतं.

मग एका सकाळी बोचरा वारा सुटला. आमची मुलगी मैत्री शाळेत निघाली होती. तिने यंदा घेतलेलं जाड जॅकेट पहिल्यांदाच घातलं, वर दप्तर अडकवायला गेली तर दुसरा हात पट्ट्यात जाईना. ती इंग्रजीत कुरकुरायला लागली, “मम्मा, धिस बॅग हॅज श्रंक.”

“बॅग तेवढीच हाय बाई,” कांता पट्टे ओढत म्हणाली. “जॅकेट घातलं का खांदा जाड होते. पट्टे ढिले कर ना.”

मी चहाचा कप ठेवला आणि तो कलंडला.

अम्मार टी-शर्टवर होता. वर्कशॉपात टी-शर्टवर, रेंजवर टी-शर्टवर. आम्ही वाळूत राहणारी माणसं, कोट ही वस्तू आमच्या डोक्यात येतच नाही, ती विमानतळावर घालायची असते. आणि तिकडे तो बर्फात बोटभर जाडीचा कोट घालून उभा असणार. कोटाच्या जाडीने बंदूक तेवढी पुढे जाणार. दुर्बीण डोळ्यापासून लांब पडणार, कडेने काळं दिसणार, आणि ते काळं घालवायला हा मान पुढे ताणणार. मग घोडा ओढला की बंदूक आधी तो कोट दाबत मागे येणार, खांदा तिला अडवेल तोवर तिला वेग आलेला असेल, आणि पुढे ताणलेलं तोंड वाटेतच. मी माउंट असं बसवलं होतं की ते तसूभर हलणार नाही. दुर्बीण हलणार नाही, म्हणजे हलायचं कुणी? त्याच्या भुवईने. त्याच्या एकुलत्या एका डोळ्याने. आणि कुणाच्या लक्षात आलं, दुर्बीण मागे सरकवावी असं वाटलं, तरी मी तिथे लाल गोंद ओतून ठेवला होता.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. वर्कशॉपात पोचेपर्यंत प्रत्येक सिग्नलला लावला, मागचे हॉर्न देत होते. शेवटी निरोप बोलून पाठवले, हिंदीत, मधे मराठी घुसलं तर घुसलं. कोट काढून उडव. मान पुढे काढू नको. काळं दिसलं तर घोड्याला हात लावू नको. मान पुढे काढू नको. एकाही निरोपापुढे पोचल्याची खूण उमटत नव्हती. मी दिवसभर फोन खिशात ठेवायचो आणि काढायचो. ज्या कॉम्प्रेसरवर काम करत होतो त्याचा एक बोल्ट मी कसता कसता तोडला. मला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तशी. त्याचा डोळा गेला तर तो मी नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“रुपेश,” अम्मार म्हणाला. आवाज शांत होता. “मला दिसत नाहीये.”

मी खाली बसलो, तेलाने माखलेल्या फरशीवरच. तो सांगत होता ते तुकड्यातुकड्याने कानात शिरलं. ते आदल्या दिवशी पहाटेच झालं होतं, मला सुचायच्याही आधी. दुर्बीण भुवईवर आली, हाडापर्यंत फाटलं, तालुक्याच्या गावी नेऊन टाके घातले. डोळा सुजून बंद झालाय, आत रक्त साचलंय. डॉक्टर म्हणतोय सूज उतरेपर्यंत काही सांगता येणार नाही. फोन कुणीतरी लावून दिला होता. माझे निरोप त्याने ऐकले होते. बरं झालं बोलून पाठवलेस, म्हणाला, वाचता कुठे आलं असतं.

“डुक्कर पडलं का, हे मी पहिलं विचारलं,” तो म्हणाला. “जागच्या जागी पडलं म्हणे. तुझं माउंट चांगलं आहे.”

मी फोनवर रडलो. मला त्याची लाज वाटली नाही आणि अजूनही वाटत नाही. मी त्याला म्हटलं, चूक माझी आहे, कोट मी विसरलो आणि डोळा मिटायला मी तुला लावायला हवं होतं. मग तो म्हणाला, इंशाल्ला, बघू, आणि कुणीतरी फोन ठेवला.

मधल्या दिवसांत मी घरात नुसता फिरत होतो. स्वयंपाकघर, बाल्कनी, पुन्हा स्वयंपाकघर. मला वाटलं होतं कांता म्हणेल, बघा, जीव घ्यायला निघालात. एका संध्याकाळी ती फोटोसमोर मेणबत्ती लावत होती. मी मागे उभा राहिलो तर म्हणाली, त्याच्यासाठी लावली. थोड्या वेळाने दुसरी लावली आणि म्हणाली, अन् हे त्या जनावरासाठी. मग मैत्रीला हाक मारून वांगी चिरायला बसली.

डोळा उघडला. हे मला त्याच्या बहिणीने, आतिकाने, दोन शब्दांत कळवलं: दिसतंय, अलहमदुलिल्ला. ते वाचलं आणि मी बाल्कनीत जाऊन खुर्चीवर बसलो, आणि बसलो की हलत राहणारा माझा पाय किती दिवसांनी हलत नव्हता.

परतल्यावर तो सरळ वर्कशॉपात आला. भुवईवर टाक्यांची जांभळी शिवण, डोळ्याखाली पिवळं. एका हातात बंदुकीची पेटी, दुसऱ्यावर तो कोट. कोट आण म्हणून मीच सांगितलं होतं. तो परत बंदूक हातात धरेल की नाही याची मला खात्री नव्हती. खरं तर मी त्याला म्हटलंच, नको जाऊ आता, सोड हे. तो म्हणाला, पुढच्या थंडीचं पुढच्या थंडीत बघू, पण ही अशी चुकीची बसलेली वस्तू मी घरात ठेवणार नाही. तो माझीच भाषा बोलत होता.

या वेळी मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. गरम हवेच्या यंत्राने एकेक स्क्रू तापवला. लाल गोंदाने बराच वेळ दाद दिली नाही. मग पहिला स्क्रू करकरत सुटला आणि मीच मारलेली पांढरी रेघ माझ्याच हाताने तुटली. दुर्बीण कड्यांमध्ये सैल ठेवली. अम्मारने कोट चढवला, बटणं लावली. वर्कशॉपाचा पत्रा दुपारी तापतो. त्याच्या कपाळावर घाम आला.

मला जे म्हणायचं होतं ते त्याला माहीत होतं. मी तरी म्हटलं, या वेळी न विचारता, “अम्मार, डोळा मीट.”

तो लगेच मिटेना. बंदूक हातात आडवी धरून उभा होता. मग म्हणाला, तिकडे त्या खोलीत पडलो होतो ना, दाराशी पाऊल वाजलं की विचारायचो, कोण आहे. गावची माणसं चांगली होती, पण भाषा कळायची नाही. उत्तर काय आलं ते कळायचं नाही.

“तू इथेच उभा राहा,” तो म्हणाला.

“इथेच आहे.”

त्याने डोळा मिटला. आमच्यातला कुणी मिटतो तसं ते मिटणं नव्हतं. अंदाजाने बंदूक उचलून त्याने खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि कोटात घामाघूम होत थांबला. त्याच्या पापण्या थरथरत होत्या. मी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला, मी कुठे आहे ते त्याला कळावं म्हणून, आणि उजव्याने दुर्बीण बोटभर मागे घेतली. मग पुन्हा एकदा तपासलं. या वेळी निळाच गोंद लावणार होतो, हाताने सुटणारा.

“उघड,” मी म्हटलं.

त्याने डोळा उघडला, पण मान जागची हलली नाही. तसाच बघत राहिला, समोरच्या पत्र्यावर मी खडूने काढलेल्या गोलाकडे.

“पूर्ण दिसतोय,” तो म्हणाला. “हात काढू नको अजून.”

मी काढला नाही.